उकडलेले कान

माझी मान माझं ऐकत नाही. समोरच्याने काही विचारलं की उत्तराचा विचार करायच्या आत ती हो म्हणून हलते. लाजऱ्या माणसाला हे सोयीचं पडतं. नाही म्हटलं की पुढे कारण सांगावं लागतं, हो म्हटलं की लोक गप्प बसतात. या मानेपायी मी एकदा ओळख ना देख अशा घरच्या हळदीला जाऊन जेवून आले आहे. एसटी स्टँडवर एका बाईने "येताय ना?" म्हणून विचारलं, मला वाटलं ती गाडी येतेय का ते विचारतेय. मान हलली, आणि तिने माझा हात धरून मला रिक्षात बसवलं. जेवण चांगलं होतं.

पण पास्त्याच्या वेळी ती जशी अडकली तशी कधी अडकली नव्हती.

मी पेणला गणपतीच्या कारखान्यात कामाला जाते. साचे भरणं, मूर्ती उचलणं ही कामं पुरुष माणसं करतात. आखणी, म्हणजे बाप्पाचे डोळे काढणं, ते मालकांशिवाय कुणी करत नाही. आम्हा बायकांकडे बारीकसारीक असतं. उंदीर, मोदक, बोटं, कान. त्यातली मी कानवाली. शाडूची गोळी घ्यायची, अंगठ्याने दाबत ओढायची, कडेला जरा मुरड घालायची. उजवा झाला की डावा. इतकी वर्षं झाली, आता माझं लक्ष नसलं तरी अंगठा आपला कान करत बसतो. जेवताना भाताचेही करतो.

लेक आमची रोह्याला दिली आहे. तिला तिसरा महिना लागला आणि पोटात काही ठरेना. भाताचा वास नको, डाळीची फोडणी नको, आणि खाडीकाठची पोर असून मासळीचं नाव काढलं तरी मोरीकडे धावायची. मी बघायला गेले तर हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. मला पाहून हसलीसुद्धा नाही. "आलीस?" म्हणाली आणि परत मोरीत गेली.

विहीणबाई स्वयंपाकघरात होत्या. बाई तोंडाने तिखट, पण मनाने वाईट नाहीत. त्या बारावी पास आहेत आणि ते त्यांनी मला लग्न ठरवतानाच सांगितलं होतं. त्या दिवशीही कशावरून तरी सांगितलं. मग मिक्सर लावला आणि त्यावरून बोलू लागल्या.

"आमच्या वेळी डोहाळे म्हणजे चिंचा नाहीतर कैऱ्या. हिला काय हवं तर म्हणे..." पुढचं मिक्सरने खाल्लं. "...बाहेरचं मी आणू देणार नाही. मला येत नाही. डोहाळे माहेरने पुरवायचे असतात, म्हणून म्हटलं तुम्हालाच विचारावं. पास्ता येतो ना तुम्हाला?"

हे सगळं मला मागाहून कळलं. तेव्हा मिक्सरमधून 'पास' आणि 'ना तुम्हा' एवढंच ऐकू आलं. मला वाटलं, स्वतःची बारावी सांगून झाली, आता माझी विचारतायत. मी चौथी पास, आणि त्याची मला लाज नाही. मी मान हलवली आणि नेहमीपेक्षा जरा जास्तच बोलले.

"व्हय. पहिल्याच फटक्यात."

विहीणबाईंनी मिक्सर बंद केला. "काय सांगता! कुठे शिकलात?"

"गावच्या शाळेत."

"शाळेत?"

"व्हय. एकच गुरुजी होते, तेच सगळं शिकवायचे. लय कडक."

"गुरुजींनी शिकवला?" विहीणबाई माझ्याकडे अशा बघू लागल्या की मला वाटलं माझ्या शाळेला कमी लेखतायत. म्हणून मी आणखी म्हणाले, "ज्याला येत नसे त्याला छडी मारायचे."

"बघा," त्या म्हणाल्या, "आणि आमच्या रोह्यात एवढ्या मोठमोठ्या शाळा, पण हे कुठे नाही."

तेवढ्यात लेक तोंड पुसत बाहेर आली. विहीणबाई तिला म्हणाल्या, "अगं, तुझ्या आईला येतो की पास्ता! शाळेत शिकल्यात!"

मिक्सर बंद होता. या वेळी मला शब्द पूर्ण ऐकू आला.

मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ, मी सांगणारच होते. पण लेकीने माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या त्या सुकलेल्या तोंडावर कितीतरी दिवसांनी काहीतरी खावंसं वाटल्याची कळा आली. "आई, खरंच? लाल करशील? आंबट? आणि संगती मऊ पाव, घरचा?"

मान हलली.

"मग येत्या रविवारी घेऊन या," विहीणबाई म्हणाल्या. "पोरीच्या पोटात चार घास तरी ठरू देत."

परतीच्या गाडीत बसले तर कासू स्टेशन येईपर्यंत अंगठा पदराच्या टोकाचेच कान करत होता. पास्ता म्हणजे काय ते मला माहीत होतं, टीव्हीवर बघितलं होतं. पण तो घरी करतात हे माहीत नव्हतं. मला वाटायचं तो कारखान्यात होतो. तसे गणपतीही कारखान्यातच होतात म्हणा.

शेजारच्या दारात माझी जाऊ राहते. ती पापड लाटायला जाते आणि तिचा आवाज आमच्या गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. सगळं ऐकून ती पाटावरच आडवी झाली हसून.

"गो, मान हाय का कुत्र्याची शेपटी?"

"आता काय करू ते सांग."

"गुरुजींना विचार. छडी मारून शिकवतील."

हसून झाल्यावर तिने फोन काढला. त्यात एक कुठल्या तरी लांबच्या मुलुखातली म्हातारी होती, अंगात एप्रन, डोक्याला फडकं. ती पिठाची गोळी घ्यायची, अंगठ्याने दाबून ओढायची, आणि गोळीची वाटी व्हायची. जाऊ म्हणाली, "बग बग, म्हातारी कान करते!"

मी बघितलं. खरंच कान करत होती. माझा जीव जरा भांड्यात पडला. भाषा कळली नाही, पण अंगठा ओळखीचा वाटला.

पावाचं मात्र तसं नव्हतं. पावाला यीस्ट लागतं असं फोनने सांगितलं. मी वाण्याकडे गेले. दुकानात गिऱ्हाईक होतं, म्हणून मी हळूच म्हणाले, "यीस्ट हाय?"

"द्या की," वाणी म्हणाला.

"नाय, यीस्ट."

"व्हय, लिस्ट द्या ना. लिस्टबिगर कसं काढणार सामान?"

मागच्या बाया बघायला लागल्या. मी उदबत्तीचा पुडा घेतला आणि घरी आले. मग जाऊ गेली. तिने दुकानाच्या पायरीवरूनच हाक मारली, "पाव फुगवायचं औषध द्या!" त्याने लगेच दिलं.

पीठ मळून झाकून ठेवलं. दुपारी बघितलं तर टम्म फुगलेलं.  आता हे कसं सांगू? शाडूच्या मातीत हवा राहिली तर मूर्ती वाळताना तडकते. आम्ही माती आपटून, तुडवून, दाबून हवा काढतो. फुगलेली माती म्हणजे मालकांच्या शिव्या. तर मी ते पीठ पाटावर घेतलं आणि आपटून आपटून सगळी हवा काढली. परत झाकलं. परत आले तर मेलं परत फुगलेलं! मी परत काढली. असं संध्याकाळपर्यंत आमचं चाललं होतं. शेवटी पीठ दमलं आणि गप्प बसलं, तेव्हा मी खूश झाले.

आमच्याकडे भट्टी नाही. फोनवर बघून मोठ्या पातेल्यात खडे मिठाचा थर दिला. आमच्याकडे मिठाला तोटा नाही, सासरची माणसं मिठागरातली. त्यावर ताटली, ताटलीवर पाव, वर झाकण. झाला तेव्हा रंग छान आला. मी तो ह्यांच्यासमोर ठेवला.

आमचे हे धरमतरला जेटीवर कामाला आहेत. बोलतात कमी, आणि बोलतात तेव्हा दुसऱ्याला बोलायला जागा ठेवत नाहीत. त्यांनी पाव हातात घेऊन तोलला, जमिनीवर ठोकून बघितला, आणि म्हणाले, "उद्या डब्यातून दे. बार्जला नांगर कमी पडतोय."

जाऊने मला विचारलं, पीठ फुगलंच नाही का? मी म्हटलं, फुगत होतं, पण मी फुगू दिलं नाही. ती माझ्याकडे बघतच राहिली. "गो बाय माझे, अगो तेच तर हवं होतं!"

दुसऱ्या वेळी ती पिठाशी पहाऱ्याला बसली. "हात लावशील तर बोटं मोडीन," म्हणाली. पीठ फडक्याखाली हळूहळू वर येत होतं. मला बघवेना. मी भिंतीकडे तोंड करून बसले. ती चहाला उठली तेवढ्यात मी फडकं उचललं आणि एकच चापट मारली. एकच. पण तिच्या खुणा राहिल्या. पाव झाला मऊ, पण वरून पाच बोटं उमटलेली. कुणीतरी त्याच्या मुस्कटात मारल्यासारखा दिसत होता.

शनिवारी पास्ता करायला घेतला. रवा, मैदा, गरम पाणी. पीठ घट्ट मळलं आणि गोळ्या केल्या. मग काही विचार करावाच लागला नाही, अंगठा चालायला लागला. मी लेकीचा विचार करत होते. लहानपणी ती माझ्या शेजारी बसून शाडूचे मोदक करायची आणि तोंडात घालायची. तेव्हा तिला माती खाऊ नको म्हणून ओरडत होते, आणि आता चांगलं अन्नही तिच्या पोटात राहीना. विचार संपला तेव्हा पुढ्यातलं पाखडायचं सूप भरलं होतं.

हे कामावरून आले. सुपाकडे बघितलं. मागे सरले आणि चपला काढल्या.

"चपला का काढता?"

"हे काय हाय?"

"पास्ता."

"हे कान हायत."

"त्याचा आकारच तसा असतो."

"उजवे-डावे हायत गो."

मी वाकून बघितलं. खरंच. जोड्या लावलेल्या. उजवा, डावा, उजवा, डावा. कडेची मुरड घातलेली. दोन-तीन कानांना तर मी बाळी अडकवायला भोकही ठेवलं होतं.

"बाप्पाचे कान उकडणार?" हे म्हणाले. "उकळत्या पाण्यात?"

मी म्हटलं, थांबा, दुसरा आकार करते. उरलेली गोळी घेतली. मन लावून, कान नको, कान नको असं म्हणत वळली. उंदीर झाला. जाऊ तो तळहातावर घेऊन सगळ्या गल्लीला दाखवून आली.

दुसरं पीठ मळायला वेळ नव्हता. सकाळच्या गाडीने जायचं होतं. पातेल्यात पाणी खळखळत होतं आणि मी सूप हातात घेऊन उभी होते. हात पुढे होईना. हे दाराकडे तोंड करून उभे होते, पण गेले नव्हते. शेवटी न वळताच म्हणाले, "नुसतं टाकू नको. निदान तेवढं म्हण तरी."

"काय?"

"गणपती बाप्पा..."

"मोरया!" जाऊ भिंतीपलीकडून ओरडली.

मी सूप उपडं केलं.

टोमॅटोचा रस मी रात्रीच करून ठेवला होता, लसूण घालून, आणि आंबटासाठी दोन आमसुलं. रविवारी एका डब्यात कान, एका डब्यात रस, आणि पिशवीत थोबाडीत खाल्लेला पाव घेऊन मी रोह्याला उतरले. रिक्षात मी मनाशी घोकत होते: विहीणबाई, मला पास्ता येत नव्हता. हे एक वाक्य. बसून म्हणायचं. चहाच्या आधी म्हणायचं. चहा झाला, पाणी झालं, माझ्या सांध्यांची चौकशी झाली, आणि विहीणबाईंनी डबे उघडले, आधी रसाचा, मग कानांचा.

त्यांचं तोंड बदललं.

व्याही खुर्चीत बसले होते. कंपनीतल्या मशीनपायी त्यांना कमी ऐकू येतं, आता निवृत्त आहेत. लेक भिंतीला टेकून, तोंडाला पदर लावून. जावई शिफ्टला. 

"हे काय आहे?" विहीणबाईंनी एक कान चमच्याने उचलला. दुसरा उचलला. बाजूबाजूला ठेवले. जोडी बरोबर बसली. "हे तर... अहो, हे बाप्पाचे कान आहेत!"

मान हलली. कधी नव्हे ती खरी हलली.

"आणि हे तिने खायचे? पोटुशी बाईने? देवाचे कान चावून खायचे? मूल कसं निपजेल मग?" त्यांनी डब्याला झाकण लावलं. "हे नाही चालायचं. देवाऱ्यात ठेवते. तिला मी पेज करते."

पेज म्हटल्याबरोबर लेकीच्या घशातून आवाज आला. तिने मोरीकडे बघितलं, मग त्या झाकणाकडे बघितलं. टोमॅटोच्या रसाचा वास अजून खोलीत होता, आणि त्या वासाने ती उठली नव्हती. ते मी बघितलं. विहीणबाई डबा घेऊन देवाऱ्याकडे निघाल्या, आणि माझ्या तोंडातून निघालं,

"नाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मीसुद्धा कोण बोललं ते बघत होते.

"काय नाही?" विहीणबाई म्हणाल्या.

आता पुढे कारण सांगावं लागणार होतं. म्हणूनच मी कधी नाही म्हणत नाही.

"त्यांचं विसर्जन झालंय," मी म्हणाले.

"कुणाचं?"

"कानांचं. सोडताना मोरया म्हटलं. मी, आमचे हे, जाऊबाय. उकळत्या पाण्यात पण... रीतसर. विसर्जन झाल्यावर मग तो देव नसतो. माती असते. हा मैदा हाय."

विहीणबाई डबा धरून तशाच उभ्या राहिल्या. बारावीपर्यंत हा प्रश्न त्यांना आला नसावा.

"पुढल्या वर्षी लवकर या, असं म्हटलंत?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणणार होते. पण म्हटलं नव्हतं. "ते राहिलं," मी म्हणाले.

लेक हसली. आधी पदरात, मग पदर सुटला. "पुढच्या वर्षी कशाला," ती म्हणाली, "मला आत्ताच हवेत," आणि परत हसू लागली.

"काय झालं?" व्याहींनी मोठ्याने विचारलं. "काय आणलंय?"

"कान!" विहीणबाई त्यांच्या जवळ जाऊन ओरडल्या. "कान आणलेत!"

"मग मला द्या आधी," व्याही म्हणाले. "माझे गेलेत." आणि डब्यात हात घालून एक तोंडात टाकला. चावला. "मऊ आहे. डावा होता का?"

 विहीणबाईंनी ताट घेतलं. रस गरम करून वर ओतला. लेकीच्या पुढ्यात ठेवताना मात्र हळूच कपाळाला हात लावून नमस्कार केला, मी बघितलं. मग पाव काढला आणि वरची पाच बोटं बघून थांबल्या.

"हा कुणाचा हात?"

"माझा."

"आशीर्वादाचा?"

मान हलली. एवढं एक चालायचं.

लेक खायला लागली. पावाचा तुकडा मोडून रसात बुडवायची, एक कान, परत तुकडा. आम्ही तिघं तिच्याभोवती बसून तिच्या घशाकडे बघत होतो. विहीणबाईंनी मोरीतली बादली आणून शेजारी ठेवली होती. "बघत नका बसू हो," लेक म्हणाली. आम्ही छताकडे बघितलं आणि परत घशाकडे बघितलं. तळाशी उंदीर निघाला. तो जाऊने केव्हा घातला देव जाणे. लेकीने तो शेपटीला धरून उचलला, विहीणबाईंकडे बघितलं. विहीणबाई म्हणाल्या, "वाहन आहे ते, तेही गेलंच असेल सोबत," आणि तिने तो खाल्ला.

ताट रिकामं झालं. ती मागे टेकली. तिने डोळे मिटले आणि तोंडावर हात ठेवला. विहीणबाईंनी बादली उचलली. मी उठून उभी राहिले. व्याहीसुद्धा खुर्चीतून अर्धे वर आले.

लेकीने ढेकर दिला.

असा मोठा ढेकर मी बायकामाणसाचा ऐकला नव्हता. व्याहींनासुद्धा ऐकू आला. विहीणबाईंनी बादली पालथी ठेवली आणि त्या बादलीवरच बसल्या.  मग लेक म्हणाली, "उरलेत का?" उरले होते. तेही तिने संध्याकाळी खाल्ले, आणि तेही राहिले.

निघताना विहीणबाई मला स्टेशनपर्यंत पोचवायला आल्या, तशा त्या कधी येत नाहीत. धुऊन पुसून डबे पिशवीत घातले होते, ती पिशवी हातात दिली. गाडी फलाटाला लागत होती. त्या माझ्या कानाशी येऊन काहीतरी म्हणाल्या, आणि नेमका तेव्हाच गाडीने भोंगा दिला. एक शब्द कळला नाही. त्या उत्तराची वाट बघत होत्या.

मान हलली. त्यांनी खूश होऊन माझा हात दाबला.

रस्ताभर मी डोक्याला हात लावून बसले होते. आता कशाला हो म्हटलं असेल? कुणाच्या हळदीला? घरी आल्यावर कानांचा डबा पिशवीतून काढला तर जड लागला. रिकामा डबा कुणी परत देत नाही, एवढं विहीणबाईंनाही कळतं. हे आणि जाऊ दोघं वाकून बघत असताना मी झाकण काढलं.

गळ्यापर्यंत मैदा भरलेला होता. वाण्याचं दुकान बंद व्हायच्या आत पाव फुगवायचं औषध आणायला जाऊ पायऱ्या उतरली, आणि ह्यांनी चपला काढून ठेवल्या.